जितकी पाखरं तितकी माणसं

बेगमतळ्यासाठी आधी दोन समित्या होत्या, एक सहल समिती आणि दुसरी संरक्षण समिती. पैठण रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं ते तळं मात्र एकच होतं. त्यामुळं दोन्ही समित्या एकाच पंपघरात एकाच वेळी बैठक घ्यायच्या आणि भांडायच्या. सहलवाले म्हणायचे, रविवारी गारखेड्यातल्या माणसांनी जायचं कुठं? संरक्षणवाले म्हणायचे, तुमची माणसं डोंगराच्या उतारावर मोटारसायकली चढवतात, माती सुटते, ती वाहून तळ्यात येते, आणि तुमच्या टेपच्या आवाजानं पाखरं पळतात. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं. शेवटी सत्याण्णव सालच्या हिवाळ्यात दोन्ही समित्या एकत्र केल्या आणि वर त्रिंबकरावांना बसवलं.

त्रिंबकरावांची सगळी नोकरी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेली होती. ज्यांच्यात पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, त्यांना त्यांनी बरोबरीनं पाणी दिलं होतं. बरोबरी हा त्यांचा धर्मच होता. चहा ओतला की दोन्ही कप ते डोळ्यांसमोर धरून बघत आणि लागलं तर यातला घोटभर त्यात टाकत. माणूस अतिशय सज्जन.

पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तळं कुणाचं?"

"माणसांचं," सहलवाले म्हणाले.

"पाखरांचं," संरक्षणवाले म्हणाले.

"म्हणजे दोघांचं. निम्मं निम्मं. तर उद्यापासून तळ्यावर जितकी पाखरं, तितकीच माणसं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

सहलवाल्यांनी मनात हिशेब केला की हिवाळ्यात पाखरं पुष्कळ असतात. संरक्षणवाल्यांनी मनात म्हटलं, चला, निदान माणसं पाखरांकडं बघतील तरी. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. पंपघरात असं पहिल्यांदाच झालं.

मुबारकला हे कळलं ते फाटकावरच्या कडूबाकडून. मुबारकनं शहागंजमधलं सायकलचं दुकान आवरून तळ्यावर पायडलच्या बोटी आणल्या होत्या. फायबरचे चार मोठे पांढरे हंस. पुढं दोघांनी बसून पायडल मारायचं, मागं दोघांनी नुसतं बसायचं. धक्क्याला लागून एक खोली होती, तिच्यात तो आणि त्याची बायको रईसा राहायचे.

"पाखरं मोजायची मी," कडूबा सांगत होता. "गळ्यात शिट्टी दिलीय. पाखरू उडून गेलं की शिट्टी, एक माणूस बाहेर. पाखरू आलं की एक माणूस आत."

"और हम?" रईसानं विचारलं. "आम्ही तर इथंच राहतो."

"ते बी इचारलं म्या सायबाला. सायब म्हणले, तुम्ही माणसं हायेत ना? मग मोजायचं. म्हणून सकाळचं पहिलं पाखरू माझं. दुसरं भाईचं. तिसरं तुमचं."

"आज मेरा कौनसा है?"

कडूबानं पाण्याकडं पाहिलं. "भाईचा बगळा. तुमचा तो... खुंटावर बसलाय बघा, पंख वाळवत. पाणकावळा."

"इनको बगला, और मेरेकू कौवा कायकू?" रईसा भडकली. ती दोन दिवस कडूबाशी बोलली नाही.

पहिल्या रविवारी फाटकावर गर्दी झाली. कडूबानं मोजून माणसं आत सोडली. मुबारकच्या चारही बोटी पाण्यात गेल्या. एका बोटीत नवं लग्न झालेलं जोडपं होतं, पोरीच्या हातावरची मेंदी अजून लालभडक. ती दोघं तळ्याच्या मधोमध पोचली आणि पलीकडच्या लव्हाळ्यातून दोन बदकं उडाली आणि गेली.

कडूबानं दोनदा शिट्टी फुंकली. पण बाहेर कुणी जायचं, याचा नियम केलेला नव्हता. त्रिंबकराव धक्क्यावरच होते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बदकं जोडीनं गेली. जोडीनंच जायला पाहिजे. माणसांतली जोडी कोणती आहे?"

सगळ्यांनी नवऱ्यामुलाकडं पाहिलं. बिचारा पायडल मारत काठाला आला. बायको रडायच्या घाईला आलेली. मुबारकनं हात देऊन तिला उतरवलं आणि म्हणाला, "बेटी, बदकं परत आली की मी स्वतः बोलावतो." दोघं फाटकाबाहेर दगडावर बसून आकाशाकडं बघत राहिली. दुपारी तीन बदकं उतरली. कडूबानं जोडप्याला आत घेतलं आणि वर बाहेरचा एक म्हातारा घेतला. तो म्हातारा त्यांच्याच बोटीत मागं बसला.

त्यानंतर लोक शिकले. पाखरू उडालं तर आपल्यातलं कुणीतरी बाहेर जाणार, हे कळल्यावर बेगमतळ्यावर अशी शांतता पसरली की तशी शहरात कुठं नसेल. टेप गेले. बाया बांगड्या वर सरकवून, रुमालानं बांधून आत यायच्या. भजी खाताना कुरकुर वाजू नयेत म्हणून लोक ती चहात बुडवायचे. एकदा एका जाड्या माणसाला शिंक आली, तर चौघांनी मिळून त्याचं नाक दाबलं. शिंक जिरली, पाखरं राहिली, आणि तो माणूस सगळ्यांच्या पाया पडला.

संरक्षणवाले खूश होते. सहलवालेही खूश होते, कारण फाटकावर रांग होती.

मग लोक कोंबड्या घेऊन यायला लागले. एक कुटुंब काखेत तुरेवाला कोंबडा घेऊन आलं. बाप म्हणाला, "हे आमचं पाखरू. आता आम्हाला घ्या."

कडूबा गडबडला. त्रिंबकरावांना बोलावलं. त्यांनी कोंबड्याला सगळीकडून पाहिलं.

"हा इथं राहतो का?"

"नाही साहेब. आम्ही आणलाय. रिक्षात."

"तुमच्याबरोबर आला, तुमच्याबरोबर जाणार?"

"हो."

"मग हा सहलीला आलाय," त्रिंबकराव म्हणाले. "हा पाखरांत नाही, माणसांत धरायचा. कडूबा, यांच्यासाठी एक जागा जास्त लागेल."

कुटुंबानं कोंबडा फाटकाबाहेर झाडाला बांधला आणि ते आत जाऊन आले. पण त्या दिवसापासून रईसा कोंबड्या खुराड्याबाहेर सोडेना. ती मुबारकला म्हणाली, "तुमच्या साहेबाला कळलं तर आपल्या कोंबड्यांनाही एकेक बगला लागेल. आता माझ्याच वाट्याला पाणकावळा येतोय."

हिवाळा असा गेला. फाल्गुनात लांबून आलेली बदकं निघून गेली, तरी काम चालत होतं, कारण तळ्यावर ढोरबगळे होते. थव्यानं असायचे. कडूबा त्यांच्याच जिवावर माणसं आत सोडायचा.

त्याच सुमाराला समितीनं डोंगराचा उतार बंद केला. पावसाळ्याआधी तिथं चर खणायचे होते, गवताचं बी टाकायचं होतं, म्हणजे माती धरून राहील आणि तळं गाळानं भरणार नाही. काम चांगलंच होतं. मोटारसायकली बंद झाल्या. त्रिंबकराव म्हणाले, एकाला बंद तर सगळ्यांना बंद. मग मेंढरंही बंद झाली.

मेंढरं म्हाळसाबाईची होती. नवरा वारल्यापासून ती एकटी कळप सांभाळत होती. तळ्यापलीकडं पडीक रान होतं, तिथं चारायला कुणाची मनाई नव्हती, पण तिथं जायची वाट त्या उतारावरूनच होती. खालच्या बाजूला तारेचं कुंपण घातलेले बागायतदारांचे मळे. म्हाळसाबाईनं पाटी वाचली नाही, पण कडूबानं सांगितलेलं ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाली, आणि कळप घेऊन बिडकीनच्या बाजूला निघून गेली.

तिच्यामागोमाग बगळे गेले.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बगळे तळ्याचे नव्हते. मेंढरांच्या पायाखालून उडणारे किडे टिपायला ते यायचे आणि मेंढरं पाण्यावर आली की पाण्यावर यायचे. आता तळं ओकंबोकं झालं. पाण्यावर उरली एक टिबुकली. मुठीएवढं पाखरू, पण अंगात खोडी भारी. ती एकसारखी बुडी मारायची.

"ती एक, म्हणजे मी एक," कडूबा म्हणाला. आणि फाटकातून आत पाऊल टाकलं. टिबुकली बुडाली. कडूबानं स्वतःलाच शिट्टी मारली आणि बाहेर गेला. टिबुकली वर आली, कडूबा आत. ती बुडाली, हा बाहेर. दुपारपर्यंत त्याला घेरी आली. मुबारक आणि रईसाला तर कायद्यानं घराबाहेरच बसायला हवं होतं. मुबारकनं त्रिंबकरावांना विचारलं, "साहेब, बुडालेलं पाखरू तळ्यावर असतं का नसतं?"

त्रिंबकरावांना त्या रात्री झोप आली नाही. सकाळी येऊन ते म्हणाले, "पाण्याखाली असलं तरी तळ्यातच आहे. धरायचं." कडूबानं त्यांचे पाय धरले.

पण बोटी बंदच. चार हंस धक्क्याला बांधलेले, उन्हानं त्यांच्या माना पिवळ्या पडत चाललेल्या. मुबारक रोज त्यांच्यात साचलेला पाचोळा काढायचा. एका संध्याकाळी रईसा म्हणाली, "बैठके क्या होता? बगळे बाईच्या मागं गेले, तुम्ही पण जा. मी पण येते."

बिडकीनच्या अलीकडं एका कापून झालेल्या रानात म्हाळसाबाईचा कळप बसला होता. मेंढरांच्या पाठीवर, पायांशी, सगळीकडं पांढरे ठिपके. बोटींसाठी लागणारी सगळी गर्दी तिथं मेंढरांच्या पाठीवर बसली होती.

"आक्का, परत चला," तो म्हणाला.

"कशाला?" म्हाळसाबाईनं तंबाखू मळता मळता विचारलं. "तुमच्या सायबानं वाट बंद केली. म्या काय उडत जाऊ?"

"साहेब वाईट नाहीत, आक्का."

"म्या कुठं वाईट म्हणलं? माती वाहती हे मलाबी दिसतंय. पण माझ्या मेंढरांनी चार पावलं टाकली तर डोंगर पडतोय, आन् फटफट्या इतकी वर्सं नाचल्या तवा कुणाला दिसलं नाय." तिनं तंबाखू ओठाखाली टाकली. "आन् एक सांगा. त्या फाटकातनं मी आत आले, तर माझी मेंढरं कशात धरणार? माणसात का पाखरात?"

रईसा तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मेरेकू तो पाणकावळा देते थे, आक्का. रोज."

म्हाळसाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसली. मेंढरं दचकली, बगळे उडाले, पुन्हा बसले. "तुला कावळा? आगं बया!" मग तिनं दोघांना कोरा चहा दिला. चहा पिता पिता मुबारक तळ्याचा विचार करत होता. उतार बंद, मळे बंद. मधे उरतं काय? पाणी.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्रिंबकरावांना धक्क्यावर गाठलं. "साहेब, मेंढरू उताराला पाय न लावता पलीकडं गेलं तर चालेल का?"

"कसं जाईल?"

मुबारकनं हंसांकडं बोट दाखवलं.

त्रिंबकरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "उतार राहतो. मेंढरं चरतात. बगळे येतात. बगळे आले की माणसं येतात." ते बोटं मुडपत गेले. त्यांचा आवाज बदलला. "मुबारक, यात कुणाचंच कमी होत नाही."

"पण साहेब, मेंढरं कशात धरायची?"

"कशातच नाही. मेंढरू सहलीला येत नाही आणि त्याला वाचवायलाही कुणी सांगितलेलं नाही. ते कामाला चाललंय."

म्हाळसाबाईला हे पटलं. कामाला चाललेल्याला कुणी मोजू नये, हे तिचंही मत होतं.

कळप आला तो दिवस बघण्यासारखा होता. गळ्यात घाट, म्हणजे मोठी घंटा, बांधलेली एक म्हातारी मेंढी कळपाच्या पुढं असायची, तिचं नाव शेवंता. शेवंता गेली की बाकी सगळी जायची. पण ती धक्क्यावर आली, हंसाच्या तोंडाकडं पाहिलं आणि चारी पाय रोवून उभी राहिली. मुबारकनं ओढलं, कडूबानं ढकललं. ती हलेना. म्हाळसाबाईनं बाभळीच्या शेंगा बोटीच्या मागच्या बाकावर टाकल्या आणि पाठ फिरवून बसली. "बघू नका तिच्याकडं. तिला लाज वाटती."

सगळ्यांनी पाठी फिरवल्या. त्रिंबकरावांनीही फिरवली. मागं घाटेचा आवाज झाला, मग फायबरवर खुरांचा, मग शेंगा फुटल्याचा. वळून बघतात तर शेवंता हंसाच्या मागच्या बाकावर, मान ताठ करून, एखाद्या देशमुखीणबाईसारखी.

मुबारक आणि कडूबा पायडल मारत निघाले. हंस पाण्यावरून सरकला तसे बगळे उठले आणि मागून आले. एक हंसाच्या डोक्यावर बसला, दोन मानेवर, आणि एक शेवंताच्या पाठीवर. पलीकडं पोचल्यावर शेवंता उडी मारून उतरली आणि लगेच चरायला लागली, जणू वाट नेहमीचीच.

पण सगळा कळप न्यायचा तर मुबारक आणि कडूबाचे पाय पुरणार नव्हते. ते काम फाटकावरच्या लोकांनी उचललं. बगळे आले तशी माणसं आत आली, आणि आत आलेल्या प्रत्येकाला मेंढरू न्यायचं होतं. गारखेड्यातले बँकवाले, त्यांच्या बायका, कॉलेजची पोरं, सगळे पुढं बसून पायडल मारायचे आणि मागं दोन मेंढरं. साध्या फेरीला कुणी विचारेना. मागच्या बाकावर माणूस बसलेला दिसला की रांगेतले लोक नाराज व्हायचे.

मुबारक रईसाला म्हणाला, "एवढी वर्षं माणसं बसवली. कुणी कागद टाकतं, कुणी उभं राहून बोट हलवतं. मेंढरू गप बसतं. असं गिऱ्हाईक नाही."

"घाण करते हैं," रईसा म्हणाली. झाडू तिच्याच हातात होता.

समितीतली जुनी भांडणं मात्र नवा वेश घेऊन आली. मेंढरं वाहून नेणं हे सहलीत येतं की संरक्षणात, यावर दोन्ही बाजूंना वाटलं की ते आपलंच. आधी दोघं एकमेकांवर ढकलायचे, आता दोघं ओढायला लागले. त्रिंबकराव रोज समजूत घालायचे. थकायला लागले होते.

एका सकाळी त्यांना यायला उशीर झाला. फाटकावर कडूबा उभा होता. आत माणसं आणि पाखरं सारखी झालेली.

"सायब," कडूबा खाली बघत म्हणाला, "जागा नाय."

त्रिंबकरावांनी मान डोलावली. "बरोबर." ते बाहेरच्या दगडावर जाऊन बसले. ऊन चढलं. आत हसण्याचे, घाटेचे आवाज येत होते. खरं तर नियम केल्यापासून ते एकदाही बोटीत बसले नव्हते. अध्यक्षानं बसलं तर तोल जाईल असं त्यांना वाटायचं. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

म्हाळसाबाई मागे राहिलेली दोन कोकरं खांद्यावर घेऊन आली. तिनं त्यांना पाहिलं.

"सायब, बाहेर का?"

"माझ्या वाट्याचं पाखरू नाही, बाई."

"आन् हे एक धरा जरा. हात अवघडला." तिनं एक कोकरू त्यांच्या मांडीवर टाकलं आणि फाटकाकडं चालायला लागली. मग वळून म्हणाली, "चला की. मेंढरामागं माणूस लागतंच. कामाला चाललेल्याला कोण मोजतंय?"

त्रिंबकरावांनी कडूबाकडं पाहिलं. कडूबा दुसरीकडं बघत होता. ते कोकरू छातीशी धरून आत गेले. मुबारकनं हंस लावून ठेवला. त्रिंबकराव मागच्या बाकावर बसले, शेजारी शेवंता. बोट निघाली तसं त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं, कुठं कलते का. शेवंता त्यांच्या अंगावर रेलली. बोट एका बाजूला चांगलीच कलली. मुबारकनं मागं वळून पाहिलं. कोकराच्या कानामागं खाजवत साहेब पाण्याकडं बघत होते. पलीकडं उतरल्यावर त्यांची विजार ओली झाली होती, कोकरानं केली होती. ते म्हणाले, "अजून एक फेरी झाली तर चालेल का?"

पुढच्या पावसाळ्यात उताराला गवत धरलं. चरांत पाणी थांबलं, आणि तळ्यात येणारा ओहोळ आधीच्या वर्षी चहासारखा असायचा तो पातळ ताकासारखा झाला. समितीत भांडणं वाढल्यावर त्रिंबकरावांनी अध्यक्षपद सोडलं. नव्या अध्यक्षांना मोजदादीचा कंटाळा होता. त्यांनी नियम काढून टाकला, डोंगराच्या कडेनं दगडांची अरुंद वाट बांधून दिली आणि सांगितलं की मेंढरांनी वाट सोडायची नाही. कडूबाची शिट्टी काढून घेतली. तो महिनाभर नुसत्या तोंडानंच शिट्ट्या मारत होता.

वाट चांगली झाली होती. म्हाळसाबाई पहिल्या दिवशी कळप घेऊन वाटेच्या तोंडाशी गेली. शेवंतानं वाट हुंगली, मागं फिरली आणि सगळा कळप घेऊन धक्क्यावर येऊन उभी राहिली. म्हाळसाबाईनं हाकललं, शिव्या घातल्या, शेंगा टाकल्या. एक मेंढरू हललं नाही. मग ती स्वतःच त्यांच्यात खाली बसली आणि ओरडली, "मुबारकभाई! आवं, ह्यांना चालायची सवय ऱ्हायली नाय!"

मुबारक खोलीतून बाहेर आला. पाण्याच्या काठाला शेवंता मान ताठ करून थांबली होती. त्यानं पायजमा वर खोचला आणि पहिल्या हंसाची दोरी सोडली.